सहीआधीचे शहाणपण

ज्याला शहाणपण कमी पडते त्याने देवाकडे मागावे, तो मोकळ्या हाताने देतो आणि मागणाऱ्याला दोष लावत नाही, असे बायबलातल्या याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांत हे वचन ठाऊक नसलेला माणूस शोधावा लागेल. बोर्डाच्या परीक्षेआधी ते वाचतात, मुलाखतीला निघताना वाचतात, बदलीचा अर्ज टाकताना वाचतात. पण सातपूर-अंबडच्या शेडमध्ये, ओझरच्या विमान कारखान्यात, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये किंवा लासलगावच्या भुईकाट्यावर आठ तास उभा असलेला ख्रिस्ती माणूस त्या आठ तासांत नेमके कोणते शहाणपण वापरतो, हे आपण एकमेकांना विचारत नाही. साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते मंडळीपुढे सांगताना, बढती मिळाल्याचे सांगितले जाते, बदली रद्द झाल्याचे सांगितले जाते. रीडिंग खरे लिहिले म्हणून इन्सेंटिव्ह गेला, अशी साक्ष कोणी देत नाही, आणि दिलीच तर पुढे काय बोलावे हे पाळकसाहेबांनाही सुचणार नाही.

माझे म्हणणे असे की, कामाच्या ठिकाणी श्रद्धेतून येणारे शहाणपण ही निर्णय घेण्याची एक रीत आहे, आणि ती शेजारच्या मशीनवरच्या, देव न मानणाऱ्या माणसालाही तपासता आली पाहिजे. जी तपासता येत नाही तिला खुशाल भावना म्हणा, अनुभव म्हणा. शहाणपण म्हणू नका.

हे मत शास्त्राबाहेरून आणलेले नाही. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात देव ज्याला आपल्या आत्म्याने, बुद्धीने आणि कसबाने भरतो तो बसालेल कारागीर आहे. सोने-चांदी-पितळेचे काम, रत्नांना पैलू पाडणे, लाकडावरचे कोरीवकाम, असे त्याच्या शहाणपणाचे वर्णन येते. नीतिसूत्रांत खोटा तराजू देवाला वीट आणतो. अनुवाद या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात थैलीत दोन प्रकारची वजने, एक जड नि एक हलके, ठेवायला मनाई आहे. नीतिसूत्रांच्या २० व्या अध्यायात गिऱ्हाईक मालाला ‘वाईट, वाईट’ म्हणते आणि घेऊन गेल्यावर आपल्या सौद्याची फुशारकी मारते. कांद्याच्या लिलावात उभे राहिलेल्याला या ओळीचे स्पष्टीकरण लागत नाही. थोडक्यात, पवित्र शास्त्रातले शहाणपण बहुतेक वेळा मोजमाप, मजुरी, जबानी आणि सही यांच्या आसपास सापडते. आपण ते वेदीपाशी शोधत बसतो.

मोजमापापासूनच सुरुवात करू, कारण नाशिकचे निम्मे पोट त्यावर चालते.

समजा, एका शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, अधिक-उणे ०.०२०. महिनाअखेर आहे, गाडी गेटवर उभी आहे आणि मायक्रोमीटर २५.०२४ दाखवतो. सुपरवायझर म्हणतो, ‘‘चार मायक्रॉनसाठी अडवतोस का? अठरा लिही नि सोड.’’ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; अठरा म्हणजे २५.०१८.) इथे दोन तऱ्हेची माणसे लगेच चुकतात. पहिला अठरा लिहितो. दुसरा, आणि हा बहुधा आपल्यातला असतो, सगळ्या लाइनसमोर जाहीर करतो की मी खोटे लिहिणार नाही, मी ख्रिस्ती आहे. पहिल्याची चूक सगळ्यांना दिसते. दुसऱ्याची कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहायला हवे.

ऐकून घेण्याआधी उत्तर देणे हा मूर्खपणा, असे नीतिसूत्रांच्या १८ व्या अध्यायात आहे. इथे ऐकायचे ते त्या नगाचे. पोलाद तापले की फुगते: एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन. मोजमापासाठी जगभर धरलेले तापमान २० अंश सेल्सिअस आहे. नग मशीनवरून नुकताच उतरला असेल आणि मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर २५ मिलिमीटरवर जवळपास ६ मायक्रॉनचा फरक नुसत्या उष्णतेने पडतो. म्हणजे २५.०२४ दाखवणारा तोच नग थंड झाल्यावर खरोखरच २५.०१८ भरू शकतो. अशा वेळी छातीठोकपणे ‘रिजेक्ट’ म्हणणारा प्रामाणिक असतो, पण त्याला आपले काम येत नसते. श्रद्धेने ज्ञानाची उणीव भरून निघत नाही. नाशिकच्या एप्रिलमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये तर नाहीच नाही.

म्हणून क्रम असा. नग आणि मायक्रोमीटर दोन्ही सरफेस प्लेटवर ठेवून एका तापमानाला येऊ द्यावेत. कडेचा बर, म्हणजे चिकटून राहिलेला धातूचा कंगोरा, काढावा, नग पुसावा. मायक्रोमीटरचा शून्य बघावा, २५ च्या सेटिंग मास्टरवर किंवा स्लिप गेजवर (ठरलेल्या मापाच्या तुकड्यावर) तो पडताळावा, त्यावरच्या चिकटपट्टीवर कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेलेली नाही ना ते बघावे. एकाच ठिकाणी न मोजता तीन जागी मोजावे, आणि दुसऱ्या माणसाला पहिले रीडिंग न सांगता मोजायला द्यावे. एवढे करूनही २५.०२४ च आले तर तेच लिहावे. मग लाल टॅग लावावा आणि मागच्या ओके तपासणीनंतर निघालेले सगळे नग वेगळे काढावेत. फक्त हातातला एक बाजूला ठेवून भागत नाही. इन्सर्ट, म्हणजे मशीनमधले कापणारे पाते, झिजला की बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो, म्हणजे हा नग एकटा नसणार. इथे एक दिलासाही आहे: व्यास मोठा राहिलेला शाफ्ट पुन्हा ग्राइंड करून मापात आणता येतो, लहान झालेला थेट भंगारात जातो. आणि रिवर्कला खरोखर वेळ नसेल तर डेव्हिएशनची वाट आहे. किती नग, कोणते माप, किती बाहेर, हे लिहून ग्राहकाकडे परवानगी मागायची. ग्राहक नाही म्हणेल, किंवा त्याच्या फिटिंगमध्ये तेवढे चालते म्हणून हो म्हणेल. दोन्ही उत्तरे त्याने डोळे उघडे ठेवून दिलेली असतील.

अठरा लिहिण्यातला खरा तोटा चार मायक्रॉनचा नाही. त्या आकड्याने इन्सर्टची झीज झाकली जाते. सेटर (मशीन लावून देणारा) ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) बदलत नाही, पुढच्या शिफ्टला व्यास आणखी वाढतो, बेअरिंग दाबून बसते, ग्राहकाच्या लाइनवर माल अडतो आणि तिथे शंभर टक्के सॉर्टिंगसाठी आपलीच चार माणसे आपल्याच खर्चाने पाठवावी लागतात. तोवर रजिस्टरमध्ये सगळे रकाने सुंदर असतात.

दानीएलाच्या पहिल्या अध्यायातली वाट याच्याशी जुळते. राजाचे अन्न नको म्हणताना तो दवंडी पिटत नाही. वरचा अधिकारी घाबरून कचरतो तेव्हा तो कारभाऱ्याकडे जातो आणि दहा दिवसांची चाचणी सुचवतो: आम्हाला डाळी-भाजी आणि पाणी द्या, मग आमचे चेहरे इतरांशी ताडून पाहा आणि तुम्हीच ठरवा. त्या चाचणीत मुदत आहे, तुलना आहे आणि निकाल समोरच्याच्या हातात आहे. विवेकाचा प्रश्न त्याने समोरच्याला तपासता येईल अशा रूपात मांडला. डेव्हिएशनचा कागद यापेक्षा वेगळे काही करत नाही.

तपासता येण्याचा हा आग्रह पौलाच्या कामातही दिसतो. यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना तो इतरांना सोबत घेतो. आपण प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते करण्याची काळजी घेतो, असे कारणही तो करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात देतो. ‘माझा देव जाणतो’ एवढ्यावर त्याने भागवले नाही. आणि यासाठी नाशिकचेच एक उदाहरण आहे, जे शरणपूर रोडने रोज जाणाऱ्या बहुतेकांना माहीत नसते. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीत, गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकत. जेकब वेनराइट त्यांतला एक. १८७३ च्या मे महिन्यात मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा आफ्रिकेच्या आतल्या भागात मृत्यू झाला तेव्हा जेकब त्याच्या तांड्यात होता. लिव्हिंग्स्टनचे सोबती चुमा आणि सुसी यांनी पेट्या सगळ्यांसमोर उघडवल्या, आणि लिहिता येत होते म्हणून सामानाची यादी जेकबने केली. दफनाची प्रार्थना वाचणाराही तोच, झाडावर नाव-तारीख कोरणाराही तोच. पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. खांदा देण्याचे चित्र लोकांना आवडते. मला यादी महत्त्वाची वाटते. मालक गेलेला, परका मुलूख, पुढे किनाऱ्यापर्यंत महिनोन्‌महिन्यांची वाट, आणि ही माणसे आधी सर्वांदेखत दप्तर पुरे करतात. स्टोअरचा चार्ज देताना दोन साक्षीदार नि दोन सह्या मागणे याला आपल्याकडे कोणी आध्यात्मिक म्हणत नाही. म्हणायला हरकत नाही.

मोजमापाच्या खालोखाल मजुरी. लेवीयाच्या १९ व्या अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये असा नियम आहे. याकोबाच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज देवापर्यंत जातो. द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली मळेवाल्याची गोष्ट, तर दिंडोरी-निफाडच्या मातीत आपोआप समजावा असा आहे. पण व्यासपीठावरून त्यातली कृपाच सांगितली जाते, व्यवहार गळून जातो. मालक पहाटे जातो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला, आणि दिवस मावळण्याच्या तासभर आधी पुन्हा जातो. का रिकामे उभे आहात असे तो विचारतो, आणि कोणी कामावर घेतले नाही हे उत्तर खरे मानतो. पहिल्यांशी ठरलेला एक दीनार तो तंतोतंत देतो, आणि सगळ्यांना त्याच संध्याकाळी, कारभाऱ्याच्या हातून देतो. गोडी छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळीला ‘व्यापाऱ्याचे पैसे आले की देतो’ सांगणाऱ्या बागायतदाराने हा दाखला वाचताना कृपेच्या आधी संध्याकाळ वाचावी.

कारखान्यात ही संध्याकाळ कागदावर असते. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, ओव्हरटाइम दुप्पट दराने, कामगाराच्या पगारातून कापलेला १२ टक्के पीएफ मालकाच्या वाट्यासह १५ तारखेच्या आत. ख्रिस्ती एचआर किंवा अकाउंट्सवाल्याचे शहाणपण कुठे दिसावे? कंत्राटदाराचे बिल पास करताना. बिलाबरोबर हजेरीपत्रक, बँकेतून पगार गेल्याचा पुरावा आणि मागच्या महिन्याचे पीएफचे चलन त्याच्या कामगारवार यादीसह मागावे, आणि यादीतली नावे हजेरीतल्या नावांशी ताडावीत. चलनाची नुसती रक्कम बघणे ही नेहमीची चूक. ६० माणसे हजर आणि यादीत ४१ नावे, हे रकमेवरून कळत नाही. परचेसमध्ये बसलेल्याची कसोटी आणखी बारीक आहे. सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. मग माल गेटच्या आत येतो आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) तीन आठवड्यांनी बनतो, म्हणजे कागदावर दिवस उशिरा मोजायला लागावेत. कायद्याच्या नजरेत माल ताब्यात आल्याचा दिवस धरायचा असतो. त्या तीन आठवड्यांत अंबडच्या गल्लीतला छोटा व्हेंडर आपल्या कंत्राटदाराला थांबवतो, कंत्राटदार हेल्परला थांबवतो. जीआरएन अडवून ठेवणाऱ्याला त्या हेल्परचे तोंड कधी दिसत नाही. थैलीतली दोन वजने आजकाल अशी असतात.

आता आक्षेप. प्रामाणिक इन्स्पेक्टर, वेळेवर पगार देणारा मालक ख्रिस्ती नसला तरी असतोच की. मग यात येशूचे काय काम? आक्षेप खरा आहे आणि शास्त्राला तो मान्यही आहे. यशयाच्या २८ व्या अध्यायात देव शेतकऱ्याला शिकवतो की शहाजिऱ्यावर मळणीचे यंत्र फिरवू नये, ते काठीने झोडावे. शेतकऱ्याला शेतात आलेले शहाणपण देवाचेच आहे, असे तिथे सरळ म्हटले आहे. शेजारच्या मशीनवरच्या वारकरी दादांना तीस वर्षांत आलेली जाण आपण नम्रपणे शिकून घ्यावी, यात श्रद्धेचा काही कमीपणा नाही. सचोटीचा मक्ता आपल्याकडे आहे असे समजणारा ख्रिस्ती कामगार याकोबाच्या तिसऱ्या अध्यायातल्या पहिल्या, म्हणजे मत्सराच्या आणि तट पाडणाऱ्या शहाणपणात आधीच सापडलेला असतो.

तरी ख्रिस्ती श्रद्धा दोन गोष्टींत वेगळी ठरते असे मला वाटते. एक, चूक लपवण्याचे कारण ती काढून घेते. बहुतेक शॉपफ्लोअरवरची खोटी रीडिंगे लोभातून येत नाहीत, भीतीतून येतात: सेटिंग माझे होते, ओरडा मला बसेल. क्षमा आधीच मिळाली आहे यावर ज्याचा खरोखर भरवसा आहे, त्याला पाचव्या नगालाच ‘साहेब, ऑफसेट माझ्याकडून चुकला’ म्हणता यायला हवे. पाचव्या नगाला सांगितले तर पाच नग जातात, शिफ्ट संपताना सांगितले तर चारशे. ही क्षमा खालच्या माणसांपर्यंत पोहोचवणे हे अधिकाराच्या जागी बसलेल्या ख्रिस्ती माणसाचे काम. चूक सांगणाऱ्यालाच पहिला मेमो देणाऱ्या विभागात पुढच्या चुका सांगितल्या जात नाहीत. दोन, नुकसान झाले म्हणजे निर्णय चुकला, असे ती मानू देत नाही. वधस्तंभ जगाच्या हिशेबात मूर्खपणा होता, असे पौल करिंथकरांना लिहितो. खरे लिहून वेतनवाढ गेली तर साक्षीच्या संध्याकाळी ती यशोगाथा ठरणार नाही. तिला तसे ओढूनताणून बनवूही नये.

पण हे नुकसान कोणी सोसायचे, याबाबत आपली प्रवचने फार सैल असतात. सात महिन्यांच्या कंत्राटावरचा, खोलीचे भाडे आणि बाइकचा हप्ता भरणारा ऑपरेटर आणि प्लँटचा क्वालिटी हेड यांच्याकडून सारख्याच हौतात्म्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात कोडातून बरा झालेला अरामी सेनापती नामान अलीशा संदेष्ट्याला विचारतो, की धनी माझ्या हातावर भार टाकून रिम्मोनाच्या देवळात वाकेल तेव्हा मलाही वाकावे लागेल, तेवढी क्षमा असावी. अलीशा त्याला शांतीने जा म्हणतो. दुसरीकडे बाप्तिस्मा देणारा योहान जकातदारांना ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका आणि शिपायांना कोणाकडून जुलमाने काही उकळू नका, पगारात तृप्त राहा असे बजावतो. ज्याच्या हातात जेवढी सत्ता, तेवढ्यापुरता नेमका हिशेब. ऑपरेटरने खरे रीडिंग लिहावे, खाली वेळ टाकावी आणि निर्णय वर पाठवावा. ‘पास’ची सही मागितली गेल्यास ती वरच्याच्या नावाने व्हावी, एवढा आग्रह त्याला धरता येतो. त्यापुढचे ओझे वरच्याचे.

याच्या उलट टोकाला ‘प्रभूने मला सांगितले’ हे वाक्य आहे. व्यवहाराच्या बैठकीत ते आले की चर्चा थांबते, कारण त्याला प्रतिप्रश्न करता येत नाही. नोकरी सोडून भागीदारीत पैसे टाकणाऱ्याला प्रार्थनेत शांती वाटली असेल. त्याने भागीदाराची तीन वर्षांची विवरणपत्रे आणि कर्जाचा दाखला बघितला का, हे तरीही विचारावे. नीतिसूत्रांचा १८ वा अध्याय म्हणतो की पहिला बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंत. हा नियम मनातल्या आवाजालाही लावावा. शलमोनाने ऐकणारे मन मागितले होते, आणि ते मिळाल्यावर पहिल्याच खटल्यात त्याला दोन्ही बायांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागले.

तसेच, साहेबाने हाताखालच्यांना प्रार्थनेला बोलावू नये. अप्रेझल ज्याच्या हातात आहे त्याचे आमंत्रण हे आमंत्रण राहत नाही. सरकारी प्रेसमध्ये किंवा शाळेत तर हे आणखी जपावे. कोणी आपणहून विचारले तर सुट्टीनंतर चहाच्या टपरीवर जरूर बोलावे. रविवारच्या उपासनेचेही तेच: औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असे नाही. शनिवारी रात्री फोन करून सुट्टी मागण्यापेक्षा महिनाभर आधी शिफ्ट बदलून मागावी, लेखी मागावी आणि त्या बदल्यात दिवाळी-ईदच्या शिफ्ट आपण घ्याव्यात.

मग मंडळीने काय करावे? महिन्यातून एकदा, उपासनेनंतर, सहा ते आठ कामकरी माणसांची बैठक. एका वेळी एकच प्रकरण, कंपनीचे नि माणसांचे नाव न घेता, ड्रॉइंग किंवा ग्राहकाची माहिती बाहेर न काढता. पहिली दहा मिनिटे फक्त काय घडले ते. या वेळात वचन उद्धृत करायला बंदी, कारण वचन लवकर आले की तपशील तिथेच थांबतो. मग त्या कामाची माहिती असलेला बोलेल, तो मंडळीबाहेरचा असला तरी चालेल. मग शास्त्र, मग प्रार्थना, आणि शेवटी प्रकरण आणणारा पुढच्या आठवड्यात काय करणार हे एका वाक्यात लिहून नेईल. अशा बैठका दोन कारणांनी मोडतात: साहेबांच्या चहाड्या सुरू होतात, किंवा एखादे वडीलधारे पाचव्या मिनिटाला निकाल देऊन टाकतात. पाळकसाहेब असावेत, पण अध्यक्षपद त्यांच्याकडे नसावे.

पहिल्या बैठकीसाठी प्रकरण बाहेर शोधायची गरज नाही. आपल्याच चर्चचा रखवालदार, झाडलोट करणाऱ्या मावशी आणि आपल्या संस्थेच्या शाळेतले शिपाई यांना पगार किती मिळतो, कोणत्या तारखेला मिळतो, आणि ज्या रकमेवर ते सही करतात तीच त्यांच्या हातात पडते का, हे खजिनदारांनी वही घेऊन येऊन सांगावे.